प्रशिक्षण झाले, शिकणे झाले काय?

केंद्र शासनाच्या कोणत्याही मंत्रालयाचा वार्षिक अहवाल उघडून पाहा. त्यात प्रशिक्षणावर एक परिच्छेद बहुधा असतोच. वर्षभरात किती कार्यशाळा झाल्या, किती अधिकारी व कर्मचारी प्रशिक्षित झाले, ही माहिती तिथे मिळते. त्या प्रशिक्षणामुळे कोण कोणते काम पूर्वीपेक्षा वेगळ्या रीतीने करू लागला, हे मात्र क्वचितच सापडते. तीन दशकांच्या सेवेत असे परिच्छेद मी पुष्कळ वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात आला आहे. शिकवले किती ते कळले, शिकले किती?

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मानसशास्त्राचे प्राथमिक पाठ्यपुस्तक हाती घेतले ते चाळिशी उलटल्यावर, केवळ कुतूहलापोटी. त्यातील दोन प्रकरणे मला प्रशासनाच्या दृष्टीने फार मोलाची वाटली. एक ‘अध्ययन’ आणि दुसरे ‘संशोधनपद्धती’. अध्ययनाची व्याख्या साधी आहे: अनुभवामुळे किंवा सरावामुळे वर्तनात वा वर्तनक्षमतेत घडणारा, बराच काळ टिकणारा बदल. या व्याख्येत वर्ग, फळा, प्रमाणपत्र यांपैकी काहीच नाही. आहे तो फक्त बदल आणि त्याचे टिकणे. दुसरे प्रकरण सांगते, की असा बदल झाला हे म्हणायला पुरावा कोणता लागतो. माझे मत असे आहे की प्रशिक्षणावर शासनाचा पैसा खर्च करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने निदान ही दोन प्रकरणे वाचलेली असावीत.

हे मत मांडण्यासाठी मी दाखले घेणार आहे ते कोलकात्याचे, आणि तेही फोर्ट विल्यम या नावाशी निगडित असलेले. त्याला कारणे आहेत. भारतात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विद्यापीठीय विभाग याच शहरात, कलकत्ता विद्यापीठात, १९१६ साली सुरू झाला. हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त हे त्याचे पहिले प्रमुख. हा विभाग आज राजाबाजारच्या विज्ञान महाविद्यालयात, आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावर आहे. हा मार्ग म्हणजे जुना अप्पर सर्क्युलर रोड, आणि सर्क्युलर रोड तयार झाला तो १७९९ साली ‘मराठा खंदक’ बुजवून! मराठ्यांच्या भयाने खणलेल्या खंदकाच्या वाटेवर आज भयाचे शास्त्र शिकवले जाते, हे मराठी वाचकाला गमतीचे वाटेल. फोर्ट विल्यमचेही आता नाव बदलले आहे. सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेला हा किल्ला ‘विजय दुर्ग’ झाल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले. हे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपल्या विजयदुर्गावरून घेतलेले आहे.

प्रथम त्या खंदकाकडे वळू. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करू लागल्या. भास्करराम कोल्हटकर हे त्यांचे सेनापती. कलकत्त्याच्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, आणि मराठे कलकत्त्यावर आलेही नाहीत. १७५१ साली तह होऊन स्वाऱ्या थांबल्या. परंतु ‘बर्गी’ हा शब्द मागे राहिला. तो आपल्या ‘बारगीर’ या शब्दाचा बंगाली अवतार. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो असा स्वार. बर्गी आले, पाखरांनी धान्य खाल्ले, आता सारा भरायचा कसा, अशा आशयाची अंगाई बंगाली आया आजही गातात.

पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. अन्नापूर्वी एक ठरावीक संकेत वारंवार दिला, की पुढे नुसत्या संकेतानेही लाळ सुटते. याला अभिजात अभिसंधान म्हणतात. ज्यांनी जळणारी गावे पाहिली, त्यांच्या मनात ‘बर्गी’ या शब्दाशी भय असेच जोडले गेले असणार. पुढच्या पिढ्यांनी बर्गी पाहिलाही नव्हता. त्यांचे शिकणे दुसऱ्यांकडे पाहून, दुसऱ्यांचे ऐकून झालेले. ज्याला मानसशास्त्र सामाजिक अध्ययन म्हणते. कोणी वर्ग घेतला नाही, परीक्षा झाली नाही, तरी पावणेतीनशे वर्षे हा पाठ टिकला.

प्रशासनाने यातून घ्यायचा बोध असा, की नागरिक सतत शिकत असतो, आणि त्याला शिकवणारे आपणच असतो. कार्यालयाच्या खिडकीशी त्याला तीनदा ‘उद्या या’ ऐकावे लागले, की त्या इमारतीशी, त्या खुर्चीशी, खाकी लिफाफ्याशीही एक भावना जोडली जाते, आणि तो ती घरी जाऊन मुलांनाही शिकवतो. पाव्हलॉव्हने हेही दाखवले, की अन्न न देता संकेत पुन्हा पुन्हा दिला तर शिकलेली प्रतिक्रिया हळूहळू विझते. मात्र मध्ये काही काळ गेल्यावर ती अवचित परत उसळते. जनतेचा विश्वास एका ‘सुशासन सप्ताहा’ने परत येत नाही, याचे कारण इथे आहे. चांगला अनुभव पुष्कळदा आणि खंड न पडता यावा लागतो.

दुसरा दाखला फोर्ट विल्यम कॉलेजचा. नाव किल्ल्याचे असले तरी हे महाविद्यालय रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत असे. लॉर्ड वेलस्लीने ते १८०० साली स्थापन केले. इंग्लंडहून पंधरा-सोळा ते वीस वर्षे वयाचे तरुण कंपनीच्या मुलकी सेवेत येत. त्यांना इथल्या भाषा व कायदे येत नसत. १ जानेवारी १८०१ पासून ठरावीक पदांवर नेमणूक हवी असेल तर भाषा आणि कायदेकानू यांची परीक्षा उत्तीर्ण झालेच पाहिजे, असा नियम वेलस्लीने त्याआधीच केला होता. भारतातील सेवांतर्गत परीक्षांचे मूळ शोधायचे तर ते इथे सापडते.

आपल्या दृष्टीने या कॉलेजला वेगळेही महत्त्व आहे. विल्यम केरी तिथे बंगाली आणि संस्कृतच्या जोडीने मराठीही शिकवत. वैजनाथ या मराठी पंडिताचे त्यांना साहाय्य होते. केरींचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली श्रीरामपूरहून प्रसिद्ध झाला. मराठी मुद्रणाचा आरंभकाळ असा बंगालमध्ये गेला.

विद्यार्थ्यांनी भाषा शिकावी म्हणून कॉलेजने पदके आणि रोख पारितोषिके ठेवली होती. गव्हर्नर जनरलच्या उपस्थितीत दरवर्षी जाहीर वादविवाद होत, आणि विद्यार्थी ठरलेल्या विषयावर फारसी, हिंदुस्थानी वा बंगालीतून बोलत. थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांवरील प्रयोगांतून जो ‘परिणामाचा नियम’ मांडला, म्हणजे ज्या कृतीचे फळ सुखद ती कृती पुन्हा होते, आणि पुढे स्किनरने ज्याला प्रबलनाचे सविस्तर शास्त्र बनवले, त्याचाच वापर हे कॉलेज शंभर वर्षे आधी करत होते. अर्थशास्त्रात आम्हीही हेच शिकलो: प्रोत्साहन द्या, वर्तन बदलते.

मात्र कोणते वर्तन बदलते, हे मला अर्थशास्त्रापेक्षा मानसशास्त्राने अधिक नेमके सांगितले. प्रबलन ज्या कृतीला मिळते तीच कृती वाढते. पदक उत्तम भाषणाला असेल तर भाषणे उत्तम होतात. तोच तरुण पुढे जिल्ह्यात गेल्यावर कुळाची तक्रार दुभाष्याविना समजून घेईल काय, हे पदकांची यादी सांगू शकत नाही. या कॉलेजचा सर्वांत टिकाऊ वारसा पाहा. तो आहे मृत्युंजय विद्यालंकार, रामराम बसू, लल्लूलाल, मीर अम्मन यांच्यासारख्या पंडित-मुन्शींनी तिथे रचलेले गद्य. शिकवण्यासाठी ज्यांना रोज नवे काही लिहावे लागले, त्यांच्या हातून भाषा घडली. १८५४ साली कॉलेज बंद झाले; ती पुस्तके राहिली.

आजचा समांतर दाखला केंद्रीय सेवेतील प्रत्येकाला ठाऊक आहे. राजभाषेच्या प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ या परीक्षा असतात. विहित परीक्षा उत्तीर्ण झाल्यास बारा महिने एका वेतनवाढीइतके वैयक्तिक वेतन मिळते, आणि अधिक गुणांना रोख पुरस्कारही आहे. योजना उदार आहे, हेतू चांगला आहे. परंतु मी पाहिलेल्या अनेक कार्यालयांत सप्टेंबरच्या हिंदी पंधरवड्यात हिंदी टिप्पण्यांना भरती येते आणि ऑक्टोबरात ओहोटी. वैयक्तिक वेतन जोडलेले आहे उत्तीर्ण होण्याशी; म्हणून उत्तीर्ण होणे वाढले. वापराशी ते जोडलेले नाही. म्हणून वापर होता तिथेच राहिला. यात कर्मचाऱ्याचा दोष नाही. ज्याला फळ दिले तेच उगवले.

प्रबलनाचा आणखी एक धोका आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढल्यास बक्षीस मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत याच मुलांनी इतरांपेक्षा कमी चित्रे काढली. जे आवडीने होत होते ते मजुरीचे झाले. ज्याला मुळातच शिकायची ओढ आहे अशा अधिकाऱ्यावर प्रमाणपत्रांची सक्ती लादताना हे ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. शिकलेले नेहमी दिसतेच असे नाही. टॉलमन आणि होन्झिक यांनी १९३० साली उंदरांचे तीन गट चक्रव्यूहात सोडले. एका गटाला रोज शेवटी अन्न मिळे, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला अकराव्या दिवसापासून. हा तिसरा गट दहा दिवस नुसताच भटकत असल्यासारखा दिसला. अन्न मिळू लागताच त्याच्या चुका एकदम घटल्या. वाट तो आधीच शिकला होता, दाखवण्याचे कारण नव्हते. आपल्या कार्यालयांतही असे सुप्त अध्ययन पुष्कळ असते. प्रशिक्षणाहून परतलेल्या लिपिकाला नवी पद्धत येत असते. ती वापरल्यास वरिष्ठ रागावतील म्हणून तो जुनीच चालवतो. तिथे पुन्हा प्रशिक्षण देणे म्हणजे निधीचा अपव्यय. तिथे बदलायला हवे ते वरिष्ठांचे वर्तन.

राहिला प्रश्न टिकण्याचा. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचे मोजमाप प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करायची आणि काही काळाने तीच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते पाहायचे. तासाभराने निम्म्याहून कमी, एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश आणि महिन्याने सुमारे एक पंचमांश बचत उरली. प्रयोग एकट्या माणसावरचा होता. पण २०१५ साली तो पुन्हा करून पाहिला तेव्हा विस्मरणाचा वक्र जवळपास तसाच आला. अर्थपूर्ण मजकूर याहून अधिक काळ स्मरतो, हे खरे. तरी तीन दिवस सकाळी दहा ते पाच व्याख्याने, शेवटच्या तासाला चाचणी आणि नंतर कायमचा निरोप, या आपल्या प्रचलित पद्धतीत विस्मरणाची तरतूद काय आहे? रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे असतात. पण आठवड्याने पाहिले तर वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिणारे पुढे जातात. आपली चाचणी नेमकी त्या ‘पाच मिनिटांनी’ घेतली जाते, म्हणून ती आपल्याला फसवते.

यातून दुसऱ्या प्रकरणाकडे, संशोधनपद्धतीकडे येऊ. तिसरा दाखला जुन्या फोर्ट विल्यमचा आहे. हा किल्ला आजच्या जागी नव्हता. आजचा प्लासीनंतर बांधायला घेतला आणि १७८१ साली पुरा झाला. २० जून १७५६ रोजी सिराजउद्दौल्याने जुना किल्ला घेतला. त्या रात्री सुमारे अठरा फूट लांब व पंधरा फूट रुंद अशा कोठडीत १४६ माणसे कोंडली गेली आणि त्यांतील १२३ गुदमरून मेली, असे जॉन होल्वेल याने पुढच्या वर्षी लिहिले. तो स्वतः वाचलेल्यांपैकी होता. हीच ती ‘काळकोठडी’. दीडशे वर्षे हा आकडा पाठ्यपुस्तकांत राहिला, स्मारके उभी राहिली. १९१५ साली जे. एच. लिटल यांनी होल्वेलच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उपस्थित केला. पुढे ब्रिजेन गुप्ता यांनी कागदपत्रे ताडून अंदाज मांडला, की कोंडलेले सुमारे ६४ असावेत आणि त्यांपैकी २१ वाचले. भोलानाथ चंद्र या बंगाली गृहस्थांचा मार्ग तर अधिकच सरळ. त्यांनी तेवढ्याच जागेला बांबूंचे कुंपण घालून आत माणसे उभी करून पाहिली आणि निष्कर्ष काढला, की १४६ मावणे शक्य नाही.

त्या रात्री माणसे मेली, याविषयी बहुतेक अभ्यासकांना शंका नाही. माझा मुद्दा पुराव्याचा आहे. एकाच माणसाची साक्ष, तीही ज्याचा त्यात संबंध आहे अशाची, आणि घटनेनंतर काही काळाने लिहिलेली. स्मृती ही छायाचित्रासारखी नसते. लोफ्टस आणि पामर यांनी १९७४ साली दाखवले, की अपघाताची तीच चित्रफीत पाहिलेल्यांना प्रश्नात ‘गाड्या धडकल्या’ ऐवजी ‘गाड्यांचा चुराडा झाला’ असा शब्द वापरला, तर ते वेग जास्त सांगतात.

आता प्रशिक्षणाच्या शेवटी भरून घेतला जाणारा अभिप्रायाचा कागद आठवा. ‘कार्यक्रम आपणास कसा वाटला? उत्कृष्ट, चांगला, साधारण.’ साक्षीदार एकच, त्याचा संबंध असलेला, आणि प्रश्नाची भाषा आयोजकाची. भोजन चांगले असले की व्याख्यानही उत्कृष्ट ठरते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रतिसाद, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. आपण बहुधा पहिल्या पायरीवरच बसकण मारतो.

भोलानाथांसारखे ‘करून पाहणे’ प्रशासनात शक्य आहे काय? आहे. राजस्थान पोलिसांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ते केले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे राघवेंद्र चट्टोपाध्याय, डॅनियल केनिस्टन आणि भारतीय पोलीस सेवेतील नीना सिंह यांनी ११ जिल्ह्यांतील १६२ पोलीस ठाण्यांत हा अभ्यास केला. कोणत्या ठाण्यात कोणती सुधारणा करायची हे सोडत पद्धतीने ठरले. तक्रारदारांना जाऊन विचारले गेले. शिवाय बनावट तक्रारदार पाठवून तक्रार नोंदवली जाते का, हेही पाहिले गेले. प्रशिक्षण आणि बदल्या थांबवणे या दोन उपायांनी कामात व लोकांच्या मतात सुधारणा झाली. साप्ताहिक सुटी, ठाण्यात नागरिक-निरीक्षक बसवणे यांचा ठोस परिणाम आढळला नाही, कारण त्यांची अंमलबजावणीच नीट झाली नाही. म्हणजे प्रशिक्षण निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. ते उपयोगी पडले, आणि पडले हे सिद्धही करता आले.

सोडतीचे महत्त्व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. स्वतःहून प्रशिक्षणाला जाणारे अधिकारी मुळातच उत्साही असतात. नंतर ते चांगले काम करताना दिसले, तर श्रेय प्रशिक्षणाला की स्वभावाला? सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील हा भेद प्राथमिक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पन्नास पानांत असतो.

हा विषय आज निकडीचा आहे, कारण २ सप्टेंबर २०२० रोजी मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मान्यता दिली. आयगॉट कर्मयोगी या मंचावर लाखो कर्मचारी संगणकावर अभ्यासक्रम पूर्ण करत आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या राष्ट्रीय अध्ययन सप्ताहात प्रत्येकाने किमान चार तास शिकावे असे लक्ष्य होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर शिकण्याची सोय याआधी कधी नव्हती; मी तिचे स्वागतच करतो. परंतु ‘पूर्ण केलेले अभ्यासक्रम’ आणि ‘तास’ हीच मोजपट्टी राहिली, तर फोर्ट विल्यमच्या पदकांची यादी आपण नव्या पडद्यावर लिहू, इतकेच.

माझ्या सूचना अशा:

(१) प्रशिक्षणाच्या प्रस्तावात कोणते एक वर्तन बदलायचे आहे ते एका वाक्यात लिहावे आणि त्याची सद्यस्थिती आधी मोजावी.

(२) सहा महिन्यांनी तेच पुन्हा मोजावे. मोजणारा प्रशिक्षकाहून वेगळा असावा आणि आधार प्रत्यक्ष कामाच्या नोंदींचा असावा.

(३) जागा मर्यादित असतातच. तेव्हा आधी कोणी जायचे हे सोडतीने ठरवावे. मागाहून जाणारी तुकडी आपोआप तुलनेचा गट होते, आणि खर्च एका रुपयानेही वाढत नाही.

(४) सलग तीन दिवसांऐवजी थोडे थोडे, अंतराने शिकवावे आणि मध्ये आठवून उत्तरे द्यायला लावावे.

(५) पुरस्कार प्रमाणपत्राला न देता वापराला द्यावा.

आक्षेप येतील. सहा महिन्यांत अधिकाऱ्याची बदली होते, मग मोजायचे कोणाला? राजस्थानच्या अभ्यासाने बदल्यांबद्दल जे सांगितले तेच याचे उत्तर आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सचोटी, सहानुभूती या गोष्टी मोजता येतील काय? पूर्णतः नाही. तिथे निरीक्षण, मुलाखत, एकेका प्रकरणाचा सखोल अभ्यास या पद्धती वापराव्यात. त्यांनाही शास्त्र आहे. जिथे काहीच कळले नाही तिथे ‘कळले नाही’ असे अहवालात लिहावे. उपस्थितीचा आकडा त्या रिकाम्या जागी भरू नये.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हा प्रश्न कार्यालयापुरता वाटू नये. आपल्या मंडळांतून मुलांसाठी रविवारचे मराठी वर्ग चालतात, परीक्षा होतात, प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात. त्या वर्गांचे यश कशाने मोजायचे? आजी दूरध्वनीवर आली की मूल किती मिनिटे मराठीत बोलते, हे वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस नोंदवून पाहा. याला निधी लागत नाही, समिती लागत नाही. एक वही पुरते.